रुळाच्या पोटातला तडा

प्रश्न : थंडी पडली की ‘रुळाला तडा गेल्याने लोकल विस्कळीत’ ही बातमी हटकून येते. तडा गेल्यावर कळतो, मग जायच्या आधी का कळत नाही? आमचे आजेसासरे रेल्वेत होते. त्यांच्या वेळी चार माणसं ट्रॉली ढकलायची आणि साहेब वर बसून रूळ बघत जायचे, असं ते सांगत. परदेशात मात्र स्वतःच्या इंजिनावर धावणारी आणि धावता धावता रूळ तपासणारी गाडी असते म्हणे. ती कुणी काढली? आणि आपल्याकडे ती आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजेसासऱ्यांनी सांगितलेली ट्रॉली अजून गेलेली नाही. लाल निशाण, वर छत्री, पुढच्या बाकावर पीडब्ल्यूआय (म्हणजे रुळांची देखभाल बघणारा निरीक्षक), आणि मागून अनवाणी पायांनी रुळाच्या डोक्यावरून धावत ढकलणारे ट्रॉलीमन हे दृश्य आपल्याकडच्या फाट्यांवर आजही दिसतं. गाडी येतेय असं कळलं की चौघं मिळून ट्रॉली उचलून बाजूला ठेवतात. ट्रॉलीवरून साहेबाला बरंच समजतं. खडी कुठे बसली आहे, फिशप्लेटचा बोल्ट कुठे सैल आहे, स्लीपर कुठे कुजला आहे हे डोळ्यांना दिसतं. जे दिसत नाही त्यातलं काही बसलेल्या हादऱ्यावरून उमगतं. ट्रॉलीच्या आधी पायी फिरणारा कीमन असतोच. तो हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ चालून काढतो. आपल्या गाड्या दीडशेहून अधिक वर्षं चालल्या त्यात या माणसाच्या पायांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचं नाव कुठल्याही उद्‌घाटनाच्या पाटीवर नसतं.

या ट्रॉलीच्या अमेरिकी भावंडाची गोष्ट गमतीची आहे. मिशिगन राज्यातल्या थ्री रिव्हर्स गावाजवळ जॉर्ज शेफिल्ड नावाचा माणूस राहत असे. काम गावात, घर लांब आणि सोयीची गाडी नाही. तेव्हा १८७७ च्या सुमारास त्याने स्वतःसाठी तीन चाकांचं एक वाहन बनवलं. दोन चाकं एका रुळावर, तिसरं आडव्या दांड्याच्या टोकाला दुसऱ्या रुळावर, आणि हातापायांनी दट्ट्या मारत पुढे जायचं. रेल्वेची परवानगी अर्थातच घेतलेली नव्हती. एका रात्री त्याला वाटेत तुटलेला रूळ दिसला, त्याने येणारी गाडी थांबवली, आणि शिक्षा करण्याऐवजी रेल्वेने त्याच्याकडे तसलीच वाहनं मागितली, असं सांगतात. सांगोवांगीत तिखटमीठ किती हा प्रश्न बाजूला ठेवू. १८७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि पुढे त्याचा कारखाना उभा राहिला हे मात्र खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या हलक्या गाड्यांना एका सिलिंडरची पेट्रोल इंजिनं बसली. मिनेसोटातल्या फेअरमाँट गावाच्या कारखान्याने त्या इतक्या विकल्या की अमेरिकेत रूळ-कामगारांची गाडी म्हणजे फेअरमाँट असंच समीकरण झालं. आपल्याकडची मोटर ट्रॉली याच जातीची.

पण या सगळ्या वाहनांनी केलं काय? डोळे वेगाने नेले. चालणाऱ्याला जे दिसायचं तेच बसणाऱ्याला दिसू लागलं, थोडं लवकर आणि थोडं कमी नीट. तुम्ही विचारताय ती गाडी निराळी आहे. डोळ्यांना जे दिसूच शकत नाही ते शोधण्यासाठी ती जन्माला आली, आणि तिच्या जन्मामागे एक अपघात आहे.

२५ ऑगस्ट १९११. न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लीहाय व्हॅली रेल्वेची एक एक्स्प्रेस पुलावर आली. प्रवाशांत अमेरिकी यादवी युद्धातले म्हातारे सैनिक बरेच होते. रॉचेस्टरचा मेळावा आटोपून ते घरी निघाले होते. इंजिन पुलावरून पार झालं, पहिले डबे गेले, आणि मागच्या डब्यांखाली रूळ फुटला. डबे पुलावरून खाली कोसळले. २९ जण गेले. रूळ एका जागी तुटला नव्हता, त्याचे तुकडे तुकडे झाले होते. तपासाला आलेले सरकारी धातुतज्ज्ञ जेम्स हॉवर्ड यांनी ते तुकडे एकेक करून पाहिले, तेव्हा तुटलेल्या तोंडावर, रुळाच्या डोक्याच्या आत, गोलसर चकचकीत रुपेरी डाग आढळले. बाकीचं तोंड ताज्या मोडीचं आणि खरखरीत. डाग मात्र गुळगुळीत. म्हणजे त्या जागी पोलाद आधीच, कित्येक महिने आतल्या आत, थोडं थोडं फाटत आलं होतं. वरून रूळ धडधाकट दिसत होता. कीमन, पीडब्ल्यूआय, शेफिल्डची तीनचाकी, यातलं काहीही त्या रुळावरून गेलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं.

या दोषाला आडवी अंतर्गत भेग म्हणू. अपघातानंतर बराच काळ भांडण चाललं ते दोष कुणाचा यावर. रेल्वे म्हणे पोलाद वाईट. पोलाद कारखाने म्हणत, तुम्ही चाकांवर वजन फार घालता. दोघंही आपापल्या जागी थोडे बरोबर होते. मूळ बीज पोलादात होतं आणि त्याला वाढवत होती ती चाकं. प्रत्येक चाक वरून गेलं की बीजाभोवतीची फट केसभर पुढे सरकायची. गाड्या जड होत गेल्या तसे असे रूळ वाढत गेले.

इथे एल्मर स्पेरी येतात. १८६० साली जन्मलेला हा अमेरिकी शोधक तोवर जहाजांवरच्या जायरो होकायंत्रासाठी नावाजलेला होता. त्यांच्या नावावर साडेतीनशेहून अधिक पेटंटं आहेत. समुद्रावरचा माणूस रुळांकडे वळला तो १९२० च्या दशकात, साठी उलटल्यावर. रुळाच्या आतली भेग शोधणारं यंत्र अमेरिकन रेल्वे असोसिएशनला हवंच होतं. स्पेरींची पहिली कल्पना साधी होती. रुळातून वीज सोडायची आणि थोड्या थोड्या अंतरावर विजेचा दाब मोजत जायचं. आत भेग असेल तर विजेला वाट अरुंद पडेल आणि दाबातला फरक दिसेल. प्रयोगशाळेत हे जमलं. प्रत्यक्ष रुळावर गंज, तेल, वाळू आणि पोलादाची पापुद्रेदार साल यांनी मोजणाऱ्या टोकांना धड टेकू दिलं नाही. यंत्र जागोजागी ओरडू लागलं, आणि जागोजागी ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचा उपयोग काय?

मग स्पेरी आणि त्यांचे सहकारी हारकोर्ट ड्रेक यांनी वाट बदलली. रुळाला टेकून मोजायचंच नाही. गाडीच्या पोटाखाली लावलेल्या ब्रशांमधून रुळात अगदी कमी दाबाची पण हजारो अँपियरची वीज सोडायची. वीज वाहिली की रुळाभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. रूळ अखंड असेल तर ते क्षेत्र सरळ, एकसारखं. आत आडवी भेग असेल तर वीज भेगेला वळसा घालून जाते आणि तेवढ्या जागी क्षेत्रही वाकतं. रुळाच्या किंचित वरून, न टेकता, तारेची वेटोळी पुढे सरकत असतात. वाकलेल्या क्षेत्रातून जाताना त्यांत क्षणभर बारीकशी वीज उमटते. रेडिओतल्यासारख्या व्हॉल्व्हांनी ती वाढवायची, तिने कागदाच्या पट्टीवरची लेखणी हलवायची, आणि त्याच वेळी गाडीखालच्या पिचकारीने रुळावर रंगाचा शिंतोडा मारायचा. शिंतोडा पडला तिथे उतरून बघायचं.

१९२८ मध्ये ही गाडी ओहायो राज्यात वाबाश रेल्वेच्या रुळांवर कामाला लागली. रूळ जागेवर असतानाच, त्यावरून गाडी फिरवून, त्याच्या पोटातला दोष नियमितपणे शोधण्याची सुरुवात तिथली. १९३० मध्ये स्पेरी वारले तेव्हा गाडी नुकतीच धंद्याला लागली होती.

धंदाही बघण्यासारखा. स्पेरींच्या कंपनीने गाड्या विकण्यावर भर दिला नाही, तपासणी विकली. रेल्वेने पैसे द्यायचे ते तपासून झालेल्या मैलांचे. त्यामुळे गाडी आज एका रेल्वेकडे, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. पुष्कळशा गाड्या जुन्या पेट्रोल-विद्युत प्रवासी डब्यांतून बनवल्या होत्या. छोट्या फाट्यांवर एकट्याने धावणारे ते डबे. प्रवासी आटले तसे रेल्वे कंपन्यांनी काढून टाकले, आणि स्पेरी कंपनीने आतली बाकडी उपटून तिथे जनित्र, नोंदयंत्र, झोपायच्या फळ्या आणि स्वयंपाकघर बसवलं. बाहेरून पिवळा रंग. कर्मचारी आठवडेच्या आठवडे त्यातच राहायचे, खायचे, झोपायचे. तुम्ही ‘स्वतःच्या इंजिनावर’ हे शब्द बरोबर वापरलेत, कारण त्यात हौस नव्हती, सोय होती. तासाला दहा-बारा किलोमीटरच्या आसपास सरकायचं, शिंतोडा पडला की थांबायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं, मधेच मेल आली की बाजूच्या रुळावर दडायचं. यासाठी वेगळं इंजिन आणि त्याचा वेगळा ड्रायव्हर दिवसभर अडकवून ठेवणं कुठल्याही रेल्वेला परवडलं नसतं.

खरं कसब यंत्रापेक्षा पट्टी वाचणाऱ्याचं होतं. लेखणी भेगेवर हलते तशी रुळांच्या सांध्यावर हलते, आणि चाक जागच्या जागी घसरून रूळ भाजला असेल तिथेही हलते. कुठला धक्का नेहमीचा आणि कुठला जीवघेणा हे माणसाला शिकावं लागे. शंका आली की गाडी थांबवून तो हातातलं उपकरण घेऊन खाली उतरे आणि ती जागा पुन्हा तपासे. शेवटचा निकाल त्याचा.

या गाड्यांनी आणखी एक काम केलं. माझ्या मते शोधण्याइतकंच मोलाचं. त्यांनी दोषांचा ढीग समोर आणून ठेवला. आता कारखान्यांना हात वर करता येईनात. संशोधनातून कळलं की वितळलेल्या पोलादात हायड्रोजन मुरलेला असतो. रूळ लाटून उघड्यावर भराभर थंड केला की तो बाहेर पडू शकत नाही, आत कोंडतो आणि बारीक बारीक चिरा पाडतो. तेच ते बीज. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या सिडनीच्या पोलाद कारखान्यात आय. सी. मॅकी यांनी १९३१ च्या सुमारास उपाय काढला. लाटलेले गरम रूळ बंद पेट्यांत ठेवून सावकाश, तासन्‌तास निवू द्यायचे, म्हणजे हायड्रोजनला निघून जायला वेळ मिळतो. दशकभरात ही पद्धत अमेरिकी कारखान्यांनी उचलली आणि नव्या रुळांतली ती जुनी भेग जवळजवळ नाहीशी झाली. आज वितळलेल्या पोलादातूनच निर्वात पद्धतीने हायड्रोजन खेचून काढतात. आपल्या रेल्वेचे बहुतेक रूळ बनवणाऱ्या भिलाईच्या कारखान्यातही हेच होतं.

मग गाडीचं काम संपलं का? नाही. एक दोष गेला, दुसरे आले. जड गाड्यांखाली रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेला थकव्याच्या भेगा पडतात, बोल्टच्या भोकापासून चिरा निघतात, आणि वेल्डचे सांधे तर नवाच प्रकार. चुंबकीय पद्धत रुळाच्या डोक्यापुरती चांगली; खालचा उभा भाग, ज्याला मराठीतही सगळे वेबच म्हणतात, तिला नीट दिसत नाही. तिथे मदतीला आला श्राव्यातीत ध्वनी. अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनीचा झटका धातूत पाठवून त्याचा प्रतिध्वनी मोजणारं उपकरण बनवलं, आणि ते बाजारात आणलं स्पेरींच्याच कंपनीने. तत्त्व ओळखीचं आहे. माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून ऐकतो, बद्द वाजला की बाजूला ठेवतो. इथे टिचकी सेकंदाला वीस लाख ते चाळीस लाख कंपनांची आणि ऐकणारा कान स्फटिकाचा. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. आपला ६० किलोचा रूळ (म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा) १७२ मिलिमीटर उंच आहे. वरून सोडलेला सरळ झटका तळाला आपटून परत यायला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या सहापट एवढाच वेळ लागतो. त्याच्या आतच प्रतिध्वनी परत आला तर वाटेत काहीतरी आहे. सरळ झटक्याला जमिनीला समांतर पडलेल्या फटी दिसतात. रुळाला आडव्या पण उभ्या उतरणाऱ्या भेगेसाठी ७० अंशांत तिरका झटका पुढे आणि मागे असा दोन्हीकडे पाठवावा लागतो. आधुनिक गाडीत हे स्फटिक द्रव भरलेल्या चाकांत बसवलेले असतात, आणि रूळ व चाक यांच्यामध्ये हवेची फट राहू नये म्हणून पाण्याची धार सतत चालू असते.

तरी हे यंत्र सर्वज्ञ नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफील्ड इथे लंडनहून लीड्सला निघालेली गाडी घसरली, चौघं गेले. रूळ तीनशेहून अधिक तुकडे होऊन फुटला होता. त्याच्या वरच्या कडेलाच बारीक भेगांची दाटी होती; अशी दाटी असली की खालच्या खोल भेगा तिच्या सावलीत दडतात आणि ध्वनीला सापडत नाहीत. त्यानंतर कडेच्या भेगांसाठी भोवरा-प्रवाहाची, म्हणजे पुन्हा विजेचीच पद्धत जोडीला घेतली गेली. स्पेरींना हे वाचून मजा वाटली असती.

आता आपल्याकडचं. भारतीय रेल्वेकडे स्वतःच्या इंजिनावर चालणारी श्राव्यातीत तपासणी गाडी आली. तिला स्पर्ट कार म्हणतात. पण आपल्या तपासणीचा खरा भार तिने वाहिला नाही. तो वाहतात दोन रुळांवरून हाताने ढकलत न्यायच्या छोट्या यूएसएफडी, म्हणजे श्राव्यातीत ध्वनीने दोष शोधणाऱ्या, ट्रॉल्या. वर पाण्याची टाकी, खाली स्फटिक, समोर पडदा, आणि बरोबर चालणारा तंत्रज्ञ. कुठला मार्ग किती वेळा तपासायचा हे त्यावरून गेलेल्या टनांच्या हिशोबावर ठरतं. दोष सापडला की रुळावर लाल रंगाची खूण पडते, गाड्यांचा वेग उतरवतात, दोन्ही बाजूंनी जॉगल्ड फिशप्लेट आवळून ठेवतात आणि तो तुकडा बदलतात. पद्धत संथ आहे, माणसाच्या लक्षावर अवलंबून आहे, आणि मुंबई उपनगरात तर रात्री शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली यांच्यामधल्या तुटपुंज्या वेळात उरकायची आहे. रूळ तुटण्याची किंमत आपणही मोजली आहे. २६ नोव्हेंबर १९९८ ला पंजाबात खन्नाजवळ मुंबई सेंट्रलहून अमृतसरला निघालेल्या गोल्डन टेंपल मेलखाली रूळ तुटला, घसरलेले डबे शेजारच्या रुळावर आडवे झाले आणि समोरून सियालदह एक्स्प्रेस आदळली. दोनशेहून अधिक माणसं गेली. वाहतूक इतकी दाट असलेल्या आपल्या देशाला वेगाने तपासणाऱ्या गाड्या पुष्कळ हव्यात, हे सांगायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

जाता जाता एक खुलासा. यूट्यूबवर दिसते ती जपानची पिवळी ‘डॉक्टर यलो’ म्हणजेच ही गाडी असा पुष्कळांचा समज असतो. ती बुलेट ट्रेनच्या मार्गावर ताशी २७० किलोमीटरने धावत रुळांची ठेवण, म्हणजे दोन्हींतलं अंतर, उंचसखलपणा, वळणाची आखणी, आणि वरची विजेची तार तपासते. रुळाच्या पोटातले तडे शोधणं हे तिचं मुख्य काम नव्हे. तिच्या दोन जोड्यांपैकी एक २९ जानेवारी २०२५ ला शेवटची धावली.

राहिला थंडीचा प्रश्न. पूर्वी रूळ तुकड्यातुकड्यांचे असत आणि सांध्यात फट ठेवलेली असे; खडखड आवाज त्याचाच. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब केलेले असतात. मोकळा ठेवला तर एक किलोमीटर रूळ एका अंशाच्या फरकाने बारा मिलिमीटरच्या जवळपास लांब-आखूड होईल. पण खडी आणि स्लीपर त्याला हलू देत नाहीत, म्हणून थंडीत तो आतून ताणला जातो. ताण सगळ्या रुळावर सारखाच. तुटतो तो जिथे आधीच छुपी भेग किंवा कच्चं वेल्ड आहे तिथे. म्हणून पहाटे, तापमान सगळ्यांत खाली असताना बातमी तयार होते, आणि म्हणूनच थंडीत रात्रीची खास गस्त असते. रुळातून सिग्नलची वीज जात असेल अशा मार्गावर रूळ पूर्ण तुटला की बहुधा सिग्नल आपोआप लाल होतो. तुमची लोकल उशिरा येते तेव्हा पुष्कळदा ही यंत्रणा तिचं काम चोख करत असते. चाकं मोजणारी नवी यंत्रणा जिथे बसवली आहे तिथे मात्र हा जादा फायदा मिळत नाही.

शेवटी एक विनंती. फाटकातून जाताना किंवा फलाटाच्या टोकाला उभं असताना रुळात फट दिसली, गाडी जाताना एकाच जागी वेगळा आपटल्यासारखा आवाज आला, तर फोटो काढायला रुळात उतरू नका. गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करून जवळच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा कळवा.